फॅमिली फ्लोटर मेडिक्लेम, दोन वर्षांच्या वापरानंतर: पैसे मिळाले, पण थर्मामीटरचं काय?

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की एजंट मंडळी अंगावर येतात, आणि यातलं निम्मं सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. पाच लाखांचा फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा, आम्ही दोघं आणि दोन पोरं, मार्च २०२४ मध्ये घेतला. रूम रेंटची मर्यादा दिवसाला विम्याच्या रकमेच्या एक टक्का, को-पे (बिलातला आपण भरायचा ठरलेला हिस्सा) नाही. बाकी सगळ्यांना माहीतच आहे. हप्ता १८,४००, वर जीएसटी ३,३१२. माझं जयसिंगपुरात पाइप-फिटिंगचं दुकान आहे. एकवीस हजारांच्या खरेदीवर मी गिऱ्हाइकाला निदान चार वायसर तरी फुकट देतो. इथं हातात आली एक पीडीएफ. पहिलं वर्ष वापर शून्य, म्हणून मी तेव्हा 'पैसे पाण्यात' असं मत दिलं होतं. ते आता मागे घेतो. अर्धवट.

जुलै २०२५ मध्ये वापरायची वेळ आली. शंभू, धाकटा, नऊ वर्षांचा, शुक्रवारी शाळेतून पोट धरूनच आला. बेंबीभोवती दुखतंय म्हणाला. आईनं हिंग कालवून बेंबीला लावला, ओवा चावायला दिला. दोनदा उलटी झाली. शनिवारी कळ उजवीकडं खाली सरकली आणि पोरगं म्हाताऱ्यासारखं वाकून चालायला लागलं. तरी आम्ही गॅसच धरून बसलो. संध्याकाळी दुखायचं एकदम थांबलं, तेव्हा घरात सगळे खूश. त्यानं मऊ भाताचे दोन घाससुद्धा खाल्ले. ते थांबणंच वाईट होतं, हे नंतर सर्जननं सांगितलं. अपेंडिक्स फुटलं की आतला दाब सुटतो आणि थोडा वेळ बरं वाटतं. रात्री साडेअकराला अंग भट्टीसारखं, पोट पाटीसारखं कडक, हात लावू देईना.

पाऊस धो धो. अंकलीचा पूल ओलांडून मिरज गाठेपर्यंत बायको मागच्या सीटवरून एकच वाक्य म्हणत होती, "हळू चालवा पण लवकर चला." सोनोग्राफीत पोटात पाणी, पांढऱ्या पेशी बावीस हजार. ताबडतोब ऑपरेशन. महात्मा फुले योजनेतून का नाही केलं, असं विचारणारे विचारतीलच. ते हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं, आणि रात्री एक वाजता याद्या चाळायची ती वेळ नव्हती.

सगळ्यांना वाटतं तशी मोठी गडबड ऑपरेशनची नव्हती, ती डॉक्टरांनी दीड तासात उरकली. गडबड झाली हिस्टरी सांगताना. मी खाली डिपॉझिटचे वीस हजार भरत होतो तेवढ्यात वर कॅज्युअल्टीत शिकाऊ डॉक्टरनं आईला विचारलं, पोट कधीपासून दुखतंय? आई म्हणाली, "ह्याचं पोट काय आजचं हाय व्हय? दोन-तीन म्हैनं झालं, शाळंच्या टायमाला रोज दुखतंय बगा." त्या पोरीनं ते इंग्रजीत जसंच्या तसं उतरवून घेतलं: पोटदुखी, अधूनमधून, तीन महिने. हे एक वाक्य पुढं मला चांगलंच महागात पडलं. सांगतो.

त्याआधी कंपनीची चांगली बाजू, कारण ती खरी आहे. कॅशलेसचा, म्हणजे कंपनीनं बिल थेट हॉस्पिटलला भरायचा, अर्ज हॉस्पिटलनं रात्री २:५० ला पाठवला. ओटीच्या दारात नर्सनं शंभूचा करदोडा कात्रीनं कापून माझ्या हातात दिला, शर्ट-चड्डी दिली, चप्पल दिली. मुठीत तो काळा दोरा घेऊन मी औषधांच्या काउंटरवर उभा होतो आणि ३:४० ला मोबाइल वाजला: साठ हजार मंजूर. पन्नास मिनिटं. २९ मे २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) परिपत्रकात कॅशलेसला एक तासाची मुदत आहे हे मला नंतर कळलं, म्हणजे उपकार काही केले नाहीत. पण त्या घडीला तो मेसेज वाचून मी भिंतीला टेकलो. एवढ्या एका गोष्टीसाठी दोन तारे आधीच देऊन ठेवतो.

रूमचं नीट वाचा, इथं बरेच जण फसतात. काउंटरवरचा माणूस साडेसहा हजारांची डीलक्स खोली गळ्यात मारत होता. "लहान मूल आहे साहेब, सोफा पण आहे." माझी मर्यादा पाच हजारांची. लोकांना वाटतं फरकाचे दिवसाला दीड हजार आपण भरू, काय होतंय. तसं नसतं. खोली मर्यादेबाहेरची घेतली की सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी, नर्सिंग सगळं त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे पाचला साडेसहानं भागलं तर रुपयाला ७७ पैसे. औषधं, तपासण्या आणि आयसीयू तेवढं त्यातून सुटतं. मी चार हजारांची खोली घेतली. बायको दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, कारण तिला सहा रात्री रेक्झिनच्या अरुंद बाकड्यावर काढाव्या लागल्या. तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं.

आता थर्मामीटर.

कॅज्युअल्टीत एक किट मिळालं. एक रात्र मुलांच्या आयसीयूत काढली, तिथं दुसरं. खोलीत आलो, तिसरं. प्रत्येक किटमध्ये कंगवा, टूथब्रश, छोटा साबण आणि एक डिजिटल थर्मामीटर. छापील किंमत २८०. तसलाच आमच्या मेडिकलवाल्याकडं १२० ला मिळतो. बरं, फुटलेल्या अपेंडिक्सच्या पोराचं सगळं तापावरच अवलंबून असतं. रोज संध्याकाळी ताप यायचा, आणि सलग दोन दिवस ताप आला नाही तरच घरी, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणजे थर्मामीटरचं काम होतंच! पण नर्स यायची ती स्वतःची बंदूक घेऊन. कपाळाला धरायची, टीं वाजलं की आकडा लिहायची. तिन्ही थर्मामीटर डबीत सीलबंद. मी तिसऱ्या दिवशी विचारलं, सिस्टर, हे उघडायचंच नसेल तर परत घ्या. ती म्हणाली, "किट परत होत नाही, काका." उरलेली इंजेक्शनं, सलाईनच्या बाटल्या परत घेऊन बिलातून वजा केल्या, हे मान्य करतो. पण थर्मामीटर नाही.

या सगळ्यात पोरगं कसं होतं? नाकात नळी, हाताला पुठ्ठा बांधून त्यावर सलाईनची सुई, पोटातून ड्रेनची नळी आणि खाली पिशवीत पिवळट-हिरवं पाणी. चालवायचं म्हटलं की एका हातात ती पिशवी, दुसऱ्या हातात सलाईनचा स्टँड, अशी आमची वरात व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायची. तीन दिवस तोंडानं पाणीसुद्धा नाही. शेजारच्या खोलीतलं अथणीकडचं कुटुंब शेंगाचटणी-भाकरी खायला बसलं की हा दाराकडं तोंड करून झोपायचा आणि वास घ्यायचा. आतडं सुरू झाल्याची खूण म्हणजे वारा सरणं, म्हणून अख्खं घर त्याची वाट बघत होतं. चौथ्या दिवशी पहाटे वारा सरला. आईनं फोनवर बातमी ऐकून देवापुढं साखर ठेवली.

डिस्चार्जचा दिवस. सकाळी दहाला डॉक्टर म्हणाले, जा घरी. आम्ही पिशव्या भरल्या. सव्वाचार वाजता कॅशलेस काउंटरवरून फोन आला की कंपनीनं शंका काढलीय: पोटदुखी तीन महिन्यांपासूनची आहे, तर आधीचे तपासणीचे कागद द्या. आधीचा आजार लपवला का, असा त्याचा अर्थ. एक लाख बेचाळीस हजारांचं बिल आणि गळ्यात हे लोढणं. मी फोनवर कंपनीच्या पोरीला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. सर्जन चांगला माणूस. ओटीतून बाहेर येऊन त्यानं चार ओळी लिहून दिल्या: तीव्र अपेंडिसायटिस, अठ्ठेचाळीस तासांचा, जुन्या आजाराचा संबंध नाही. त्या चार ओळींच्या सर्टिफिकेटचे हॉस्पिटलनं पाचशे लावले. आणि सर्टिफिकेटचे पैसे विम्यात बसत नाहीत. म्हणजे विमा मिळवायला जो कागद लागला तो विम्यात नाही! ६:१० ला मंजुरी आली, साडेसातला घरी पोचलो. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तिला हिस्टरीबद्दल एक शब्द बोललो नाही. अजून बोललेलो नाही.

आता मत बदलतो, कारण हिशेब हिशेबाच्या जागी. त्या दिवशी संध्याकाळी मी फोनवर एक तारा देऊन ठेवला होता. शेवटचं बिल आल्यापासून तीन तासांत कंपनीनं मंजुरी द्यायची, असंही त्याच परिपत्रकात आहे, आणि मी सकाळी दहापासून मोजत होतो. नंतर ईमेल उघडून वेळा जुळवल्या. हॉस्पिटलच्या बिलिंगनं फाइल पाठवलीच ३:२५ ला. कंपनीची शंका ४:१५ ला, उत्तर गेलं ५:२०, मंजुरी ६:१०. पावणेतीन तास. दहापासून ३:२५ पर्यंत फाइल कुठं होती? समरी टाइप करणारा जेवायला गेला होता. तेव्हा कंपनीला तारा परत दिला.

एकूण बिल १,४२,६००. कंपनीनं दिले १,३१,८४०. माझ्या खिशातून १०,७६०. हे १०,७६० मी ओळ न् ओळ तपासले, दुकानात माल उतरवून घेताना तपासतो तसे. विम्यात न बसणाऱ्या ६८ वस्तूंची एक ठरलेली यादी आहे, पॉलिसीच्या कागदांतच शेवटी असते. डायपर, मास्क, झेरॉक्स, सर्टिफिकेट, आणि हो, थर्मामीटर. तीन गुणिले २८०, आठशे चाळीस. यादी वाचून कंपनीवरचा राग गेला, कारण थर्मामीटर घरी नेण्याची वस्तू आहे, तिचे पैसे त्यांनी का द्यावे? आजारी माणसाच्या माथी तीन-तीन मारणाऱ्यावर मात्र राग वाढला.

पण त्याच कागदांत दुसरी यादी आहे, ती फार कोणी वाचत नाही. त्यातल्या वस्तू खोलीच्या भाड्यातच धरायच्या असतात: ॲडमिशन किट, कंगवा, फाइल उघडण्याचे चार्जेस, मनगटावरचा नावाचा पट्टा. आमच्या बिलात हे सगळं वेगळं लावून १,६६०. टाके दाखवायला गेलो तेव्हा ती यादी छापून नेली, पिवळ्या पेनानं रेघा मारल्या. बिलिंगचा माणूस म्हणाला, "साहेब, इतक्या छोट्या रकमेसाठी आजवर कोणी आलं नाही." म्हटलं, मी आलोय. पाऊण तास उभा राहिलो. शंभू शेजारी उभा राहून इतका लाजला की शेवटी बाहेर जाऊन गाडीत बसला. नऊशे रोख परत मिळाले. थर्मामीटर पहिल्या यादीतला, म्हणून त्यावर त्यांनी हात वर केले.

घरी आल्यावरच्या ६० दिवसांचा खर्चही मिळतो, तो सोडू नका. अँटिबायोटिक, पुन्हा केलेली सोनोग्राफी, तपासणी फी मिळून ३,२१० पाठवले, तीन आठवड्यांत जमा झाले. मूळ बिलं लागतात, फोटो चालत नाहीत.

जानेवारीत पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडं न्यायचं, डोक्यात होतं. त्यासाठी रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज लागतो, सगळे कागद काढून बसलो होतो. बायको म्हणाली, "रात्री पावणेचारला मेसेज आला होता ना?" कागद परत ठेवले. मार्च २०२६ मध्ये रिन्यू केली. मूळ हप्ता वाढून २०,९०० झालाय, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाल्यामुळं पहिल्या वर्षापेक्षा ८१२ रुपये कमीच गेले. क्लेम न केल्याचा पन्नास हजारांचा बोनस जमला होता, तो गेला.

पाचपैकी साडेतीन. दीड तारा कुणाचा कापला ते कळलंच असेल, आणि तो कंपनीचा कापणं अन्यायाचं आहे हेही मला कळतं.

ऑगस्टमध्ये शंभूला व्हायरल ताप आला तेव्हा एक थर्मामीटर उघडला. सेल उतरलेला. नवा सेल वीस रुपये. दोन अजून सीलबंद आहेत, जयसिंगपूर परिसरात कुणाला हवे असतील तर शंभरला एक देतो. सेलची खात्री नाही.