"एक अँटीव्हायरस पुरत नाही काका" म्हणणाऱ्या रिपेअरवाल्यापासून सावध

माझे मामा कराडला राहतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेत, घरी एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज टेन, चार जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सोसायटीचा हिशोब, पेन्शनची कागदपत्रं आणि रात्री नातीशी व्हिडिओ कॉल, बस. या एवढ्याशा मशीनवर एका रिपेअरवाल्याने वर्षभरात सहा हजारांच्या वर कमावले आणि मशीन होतं त्यापेक्षा हळू करून ठेवलं. सविस्तर लिहितोय, कारण यात ना ओटीपी गेला ना कुणी लिंक पाठवली, माणूस घरी येऊन, चहा पिऊन, पैसे घेऊन गेला. त्यामुळे आपण फसलो हे मामांना वाटतच नव्हतं.

सुरुवात प्रिंटरवरून झाली. प्रिंट निघेना म्हणून बोलावलं, केबल ढिली होती, ती बसवली आणि मग याची नजर खाली कोपऱ्यातल्या आयकॉनवर गेली. "काका, एकच अँटीव्हायरस आहे?" मामा म्हणाले हो, मुलाने दिवाळीत आणून दिलाय. तर म्हणे प्रत्येक कंपनीची व्हायरसची यादी वेगळी असते, याला जो सापडत नाही तो दुसऱ्याला सापडतो, घराला तुम्ही नुसतं कुलूप लावता का, आतून कडी पण घालताच ना. मामांना पटलं. आणि खरं सांगायचं तर यातला यादीचा भाग खोटा नाहीच, म्हणून तर पटतं. त्याने दुसरा टाकायला घेतला तेव्हा स्क्रीनवर सूचना आली की आधीचं अँटीव्हायरस काढा, मामांनी वाचून विचारलं सुद्धा, तर हा म्हणतो कसा, "अहो कंपन्या एकमेकांवर जळतात, म्हणून तसं लिहितात." बाराशे रुपये.

आता आत काय होतं ते बघा. अँटीव्हायरसचा जो सतत चालू असणारा पहारा असतो, रिअल टाइम प्रोटेक्शन, तो विंडोजच्या अगदी पोटात बसतो आणि तुम्ही कुठलीही फाईल उघडली की ती आधी स्वतः तपासतो. दोन टाकले की पहिला फाईल तपासायला उघडतो, दुसऱ्याला दिसतं कुणीतरी फाईल उघडली, तो पण तपासतो, आणि हे एक्सेलची एक शीट उघडताना मागे उघडणाऱ्या ढीगभर फाईलींच्या बाबतीत होतं. साध्या हार्ड डिस्कवर याचा जीव जातो. मी नंतर टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्राम मशीनवर किती ताण देतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून बघितला तर डिस्क 100 टक्के, आणि वरची दोन नावं या दोघांचीच, मामांनी तेव्हा काहीच उघडलेलं नव्हतं.

मशीन स्लो झालं, मामांनी अर्थातच त्यालाच फोन केला. इथे त्याचा धंदा खरा सुरू होतो. आला, बघितलं, म्हणे जंक साठलंय, आणि एक क्लीनर टाकला आठशे रुपयांचा. त्या क्लीनरने लगेच लाल अक्षरात शेकड्यांनी एरर दाखवले. हे एरर म्हणजे काय तर ब्राउझरच्या कुकीज आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजची सेटिंग्ज लिहून ठेवायची वही) रिकाम्या नोंदी, कुठल्याही वापरातल्या कॉम्प्युटरवर असतात, त्याने काही बिघडत नाही. पण साठीच्या पुढच्या माणसाला लाल रंगात आकडा दाखवला की झालं. तरीही स्लो. मग रॅम कमी पडतेय म्हणून चार जीबी रॅम, सव्वीसशे. प्रत्येक व्हिजिटचे तीनशे वेगळे. शेवटी तर एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घ्या म्हणत होता, वर्षाचे एकदम भरा, म्हणजे काळजी नको.

आणि मधेमधे "व्हायरस सापडला" असे पॉपअप यायला लागले होते, जे आधी कधी येत नव्हते. मामांचा विश्वास त्यामुळे अजून वाढला, बघ, दुसरा टाकला म्हणून सापडला! एकदा त्यांनी मॉनिटरचा मोबाईलवरून तिरका फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, झूम करून वाचलं तर सापडलेल्या फाईलचा पत्ता पहिल्या अँटीव्हायरसच्या स्वतःच्या फोल्डरमधला होता. म्हणजे एकाने पकडून बाजूला ठेवलेली फाईल दुसऱ्याला दिसली आणि तो बोंबलायला लागला. असा पॉपअप रिपेअरवाल्याच्या हातात आयता पुरावाच, तो फक्त वरची ओळ दाखवतो, खालचा पत्ता कोण वाचतंय.

हा काही आपल्याकडच्या गल्लीतल्या माणसाने लावलेला शोध नाही. अमेरिकेत ऑफिस डेपो नावाची मोठी दुकानांची साखळी आहे, तिथे कॉम्प्युटर फुकट तपासून द्यायचे. तपासणीच्या सुरुवातीला गिऱ्हाईकाला चार प्रश्न, मशीन स्लो आहे का वगैरे, त्यातल्या एकावर जरी टिक केली तरी प्रोग्राम मालवेअरची लक्षणं आहेत असं सांगायचा, स्कॅनमध्ये काहीही निघो. मग महागडी दुरुस्ती. 2019 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्याकडून आणि त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्या भागीदाराकडून मिळून 3.5 कोटी डॉलर वसूल केले. आपल्याकडे बिलच देत नाहीत तर वसूल काय करणार.

बिलावरून आठवलं. मी कराडला गेलो तेव्हा दुसऱ्या अँटीव्हायरसची माहितीची खिडकी उघडून बघितली, अबाउट मध्ये जाऊन. रजिस्ट्रेशन मामांच्या नावावर नाही, त्याच रिपेअरवाल्या दुकानदाराच्या ईमेलवर. आणि व्हॅलिडिटी वर्षाची सांगितलेली पण तारीख बघितली तर टाकल्यापासून जेमतेम सात महिन्यांनी संपणारी. याचं कारण असं की तीन युजरचा पॅक मिळतो, त्यातली एकच "की", म्हणजे अँटीव्हायरस चालू करायचा नंबर, तीन मशीनवर चालते, हा एक पॅक घेतो आणि तीन घरी पूर्ण किमतीला विकतो, आणि अशा पॅकमध्ये बऱ्याचदा मुदत पहिल्या मशीनवर टाकल्या दिवसापासून मोजली जाते. मामा दुसऱ्या की तिसऱ्या नंबरचे गिऱ्हाईक असणार. म्हणून अँटीव्हायरस घ्यायचा असेल तर सीलबंद खोका आपल्यासमोर फोडायला लावा, कीवरची पट्टी आपण खरवडा, आणि रजिस्ट्रेशनला आपलाच मोबाईल आपलाच ईमेल.

खरं तर दुसराच काय, पहिला पण विकत घ्यायची गरज होती का हा प्रश्न आहे. विंडोज एट आलं 2012 ला, तेव्हापासून विंडोजमध्येच डिफेंडर नावाचं पूर्ण अँटीव्हायरस फुकट येतं, आणि विंडोज टेन किंवा इलेव्हनवर तुम्ही दुसऱ्या कंपनीचं टाकलं की ते आपणहून बाजूला होतं, म्हणजे एका वेळी एकच पहारा असावा हे मायक्रोसॉफ्टने सुद्धा धरूनच चाललंय. आईवडिलांच्या मशीनवर काय आहे ते बघायला स्टार्टमध्ये विंडोज सिक्युरिटी टाइप करा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडा, तिथे कुणाचं नाव आहे ते दिसतं, आणि मॅनेज प्रोव्हायडर्स मध्ये एकापेक्षा जास्त नावं दिसली तर शोध घ्या कोणी टाकलं. ज्याला खरंच दुसरं मत हवंय त्याने कायम पहारा न देणारा, सांगू तेव्हाच स्कॅन करणारा प्रोग्राम वापरावा, मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर आहे, फुकट, डाउनलोड केल्यापासून दहा दिवस चालतो, मग हवा तर नवा घ्यायचा.

मामांच्या मशीनवरून मी क्लीनर आणि दुसरं अँटीव्हायरस काढलं. नुसतं कंट्रोल पॅनेलमधून काढून भागत नाही, विंडोजच्या पोटात बसलेले त्याचे तुकडे, ड्रायव्हर, मागे राहतात, त्या त्या कंपनीचं रिमूव्हल टूल असतं ते चालवून रीस्टार्ट करावं लागतं. पहिलं ठेवलं कारण त्याचे पैसे भरलेले आहेत, संपलं की डिफेंडर. एक्सेल आता क्लिक केल्यावर उघडतं, आधी मामा क्लिक करून चहा टाकायला जायचे.

मग आम्ही दोघं दुकानात गेलो. आधी ओळखच दाखवेना. मग तारखेचा फोटो दाखवला तर "काका, तुम्हाला सर्व्हिस दिली ना, चार्ज तर लागणारच." ग्राहक हेल्पलाइन 1915 ला तक्रार करतो म्हटल्यावर आवाज खाली आला आणि अँटीव्हायरसचे बाराशे फोन पे ने परत केले. क्लीनरचे आणि रॅमचे नाही, बिल कुठाय म्हणाला, आणि बिल त्यानेच दिलेलं नाही. मामा रॅमसाठी तक्रार करायची म्हणतायत, पैसे ऑनलाइन दिलेले असल्याने एंट्री तरी आहे.

कॉलनीतल्या अजून एका घरी मामांनी जाऊन बघितलं, तिथे पण तोच दुकानदाराचा ईमेल आणि संपायची तारीख तीच. त्यांना रिन्यूअलसाठी त्याचा फोन येऊन गेलाय, उद्या येतो म्हणालाय.