कोऱ्या पानावर आधी चित्र : विद्युत क्षेत्राच्या गणितांची वही, आठ महिन्यांच्या वापरानंतर

प्रॅक्टिकलला लागते तशी एक पान कोरं, एक पान रेघी अशी वही घ्यायची. कोऱ्या पानावर चित्र, रेघी पानावर गणित. चित्रात तीन गोष्टी आल्याशिवाय रेघी पानाला पेन लावायचं नाही : चार्जचा एक बारीक तुकडा, म्हणजे डीक्यू, सममितीने येणारा त्याचा जोडीदार तुकडा, आणि दोघांच्या फील्डचे, म्हणजे विद्युत क्षेत्राचे, बाण. आकडे सगळ्यात शेवटी. जून ते जानेवारी जळगावात बारावीच्या मुलांनी स्थिरविद्युतचं अख्खं प्रकरण अशा वहीत सोडवलं, त्यावरून हा अनुभव.

'इंटिग्रेशन जमत नाही' ही मुलांची नेहमीची तक्रार. वह्या तपासल्या की दिसतं, इंटिग्रेशन बहुतेकांचं बरोबर असतं. चुकतं ते त्याच्या आधीचं.

कडीचंच गणित घ्या. त्रिज्या १० सेंमी, चार्ज ५ नॅनोकूलॉम, अक्षावरच्या बिंदूपाशी फील्ड काढायचं. घाईत लिहिलं जातं : के गुणिले क्यू, भागिले (एक्स वर्ग अधिक आर वर्ग). इथे क्यू म्हणजे चार्ज, आर त्रिज्या, एक्स कडीच्या मध्यापासून बिंदूचं अंतर आणि के कूलॉमच्या नियमातला स्थिरांक. आता एक्स शून्य ठेवा. कडीच्या मध्यावर ४५०० न्यूटन प्रति कूलॉम येतात. पण कोऱ्या पानावरचं चित्र सांगतं की मध्याशी प्रत्येक तुकड्याच्या बाणासमोर तेवढाच उलटा बाण आहे, तिथे शून्यच यायला हवं. लिहायचा सुटला तो कोसाईन थीटा; थीटा म्हणजे बाण आणि अक्ष यांच्यातला कोन. बाणाचा अक्षाकडचा घटकच शिल्लक राहतो, म्हणून वर एक्स येतो आणि खालच्या कंसाचा घात दीड होतो. मग मध्यावर शून्य येतं, एक्स वाढला की फील्ड वाढतं, ७.१ सेंमीच्या आसपास (आर भागिले वर्गमूळ २) साधारण १७३० न्यूटन प्रति कूलॉमपर्यंत पोचतं आणि पुढे उतरतं. खूप लांब गेलं की बिंदू-चार्जचं सूत्र हाती येतं. जवळची आणि लांबची, या दोन तपासण्यांना मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत. वहीचा सगळ्यात जास्त फायदा इथे झाला.

अर्धवर्तुळाकार तारेच्या केंद्रावरचं फील्ड काढताना चूक वेगळी. कोन व्यासापासून मोजायचा, सीमा ० ते १८० अंश घ्यायच्या आणि सवयीने कोसाईन लिहायचा, उत्तर शून्य. ते शून्य खोटं नाही, पण तो व्यासाच्या दिशेचा घटक आहे, जो चित्रातच कटून गेलेला असतो. कोन व्यासापासून मोजला तर साईन, सममितीच्या अक्षापासून मोजला तर कोसाईन आणि सीमा उणे ९० ते अधिक ९०. शिवाय डीक्यू म्हणजे लॅम्डा (दर एकक लांबीवरचा चार्ज) गुणिले आर गुणिले डीथीटा (कोनाचा बारीक तुकडा). आर सुटला की एककंच जुळत नाहीत, म्हणून एककांसाठी समासात जागा ठेवावी.

दोन बिंदू-चार्जच्या गणितात चित्र नसेल तर बीजगणित फसवतं. अधिक ४ आणि उणे १ मायक्रोकूलॉम, अंतर ३० सेंमी, फील्ड शून्य कुठे? समीकरणाला दोन उत्तरं येतात. एक, उणे चार्जच्या पलीकडे ३० सेंमीवर, हे खरं. दुसरं, दोघांच्या मध्ये, उणे चार्जपासून १० सेंमीवर. तिथे दोन्ही फील्ड आकाराने सारखी आहेत खरी, पण बाण एकाच बाजूला, म्हणून बेरीज होते. चिन्हं सूत्रात घालण्यापेक्षा आकार सूत्रातून आणि दिशा चित्रातून घेणं बरं.

गाउसच्या नियमाचा (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं फील्ड आतल्या चार्जवरून ठरतं) मोह आवरायला मात्र वही पुरत नाही, सांगत राहावं लागतं. २० सेंमीची दांडी, चार्ज ८ नॅनोकूलॉम, मध्यासमोर ५ सेंमीवरचा बिंदू. त्या नियमातून येणारं अनंत लांब तारेचं सूत्र लावलं तर १४,४०० न्यूटन प्रति कूलॉम, खरं उत्तर सुमारे १२,९००. नियम इथेही लागू आहेच. पण दांडीभोवती कल्पिलेल्या नळकांड्याच्या पृष्ठभागावर फील्ड सगळीकडे सारखं नसल्यामुळे ते इंटिग्रलच्या बाहेर काढता येत नाही.

सोबत ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा ठेवावा, आपल्याकडे गावोगाव मिळतो. लोकरीच्या कापडाने घासला की त्यावर उणे चार्ज येतो. कागदाचे कपटे पाइपभर सारखे चिकटत नाहीत, कुठे झुंबड तर कुठे एकही नाही. 'लॅम्डा सगळीकडे सारखा' हे गणितातलं गृहीत आहे, पाइपवर ते आपोआप नसतं, हे मुलांच्या तिथेच लक्षात येतं. जुलै-ऑगस्टमध्ये हा प्रयोग काढू नये; दमट हवेत पाइपवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज निसटतो. खानदेशातला कोरडा हिवाळा यासाठी उत्तम.

आणखी एक तपासणी आम्ही नंतर जोडली. हवा साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरला (म्हणजेच तेवढ्याच न्यूटन प्रति कूलॉमला) फुटते, म्हणजे तिच्यातून ठिणगी जाते. त्यापुढचं उत्तर आलं की दशांश पुन्हा बघायचा. पुस्तकातला १ मायक्रोकूलॉमचा 'छोटा गोळा' या हिशोबाने किमान साडेपाच सेंमी त्रिज्येचा लागतो! गणित म्हणून ते चालतं, पण हा अंदाज असावा.

उणी बाजू वेळेची. नीट चित्र काढून एका गणिताला दहा-बारा मिनिटं जातात. सीईटीत भौतिक आणि रसायनचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे हे परवडत नाही. तिथे फक्त दोन टोकं तपासून पर्याय गाळावेत : एक्स शून्य ठेवा, एक्स खूप मोठा ठेवा. कडी आणि चकतीच्या प्रश्नात बरेचदा एवढ्यावर दोन पर्याय उडतात. चालकाच्या पृष्ठभागाला सिग्मा (दर एकक क्षेत्रफळावरचा चार्ज) भागिले एप्सिलॉन (निर्वाताचा विद्युत स्थिरांक) आणि पातळ अचालक पत्र्याला त्याच्या निम्मं, हा फरक मात्र टोकं तपासून सापडत नाही. त्यासाठी फील्डरेषा एका बाजूला जातात की दोन्ही, हे कोऱ्या पानावर एकदा काढलेलं असावं लागतं.