साडेदहा इंची एआर पिस्तूल: काही महिने वापरल्यावर

नावाला पिस्तूल, रूपाने रायफल. एआर-15 या अमेरिकन रायफलची यंत्रणा तीच, मॅगझिन तेच, 5.56 मिमीची गोळीही तीच. फक्त नळी साडेदहा इंची, आणि मागे खांद्याला टेकवायच्या दस्त्याऐवजी हाताला बांधायचा आधार, म्हणजे ब्रेस. हे धेडगुजरी प्रकरण जन्माला आलं ते अमेरिकन कायद्यामुळे. 1934च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे रायफलची नळी 16 इंचांहून आखूड असेल तर वेगळी नोंदणी, बोटांचे ठसे आणि 2025 संपेपर्यंत वर 200 डॉलर कर. पिस्तुलाला ही अट नाही. मग कारखानदारांनी दस्ता काढून टाकला आणि नळी आखूड ठेवली. ब्रेस 2012च्या सुमारास आला, तो एका अपंग माजी सैनिकाला एका हाताने असं पिस्तूल चालवता यावं म्हणून. पुढे लोकांनी तो खुशाल खांद्याला टेकवला. 2023च्या जानेवारीत एटीएफने, म्हणजे बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या फेडरल खात्याने, नवा नियम काढून अशी बहुतेक पिस्तुलं रायफली ठरवली. 2024च्या जूनमध्ये इथल्याच, म्हणजे टेक्ससमधल्या फेडरल कोर्टाने तो नियम रद्द केला. त्यानंतरच मी दुकानात गेलो.

एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मंडळींनी मात्र घाई करू नये. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो.

आता मुद्द्याचं. पहिल्या बारालाच जे जाणवतं ते म्हणजे आवाज. 5.56ची दारू मुळात 20 इंची नळी धरून बेतलेली. साडेदहा इंचांत ती पुरती जळत नाही, उरलेली नळीच्या तोंडाशी भडकते. संध्याकाळी उघड्या रेंजवर तो जाळ नीट दिसतो. बंदिस्त रेंजवर शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी काही न बोलता सामान उचललं आणि चार लेन पलीकडे जाऊन उभे राहिले. 140 डेसिबलच्या वर कानाला इजा होते असं धरतात आणि हे प्रकरण 160च्या पुढे जातं. त्यामुळे फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लागतात. नुसते मफ घालून उभं राहणाऱ्याची मला काळजी वाटते.

त्यात कंपनीने नळीच्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे धक्का कमी करणारं टोपण, लावून दिलं होतं. असला निर्णय कोण घेतं कळत नाही. 5.56चा धक्का असतोच किती, की तो कमी करायला निम्मा भडका बाजूला आणि मागे फेकावा? मी तो काढून भडका सरळ पुढे ढकलणारा लिनियर कॉम्पेन्सेटर बसवला. आवाज कमी झाला नाही, पण पुढे गेला, आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीने तेवढंही पुष्कळ आहे.

हाताळायला मात्र हे मस्त आहे. वजन अंगाजवळ राहतं, दारातून वळताना नळी चौकटीला लागत नाही, आणि दोन पिना काढल्या की वरचा-खालचा भाग सुटा होऊन साध्या बॅगेतून डिकीत जातो. जपायचं ते डाव्या हाताला. पुढे धरायला जागा कमी, आणि घाईत बोटं नळीच्या तोंडाकडे सरकतात. त्यासाठी हँड स्टॉप, म्हणजे हात पुढे सरकू न देणारा अडसर, हवाच. उभी मूठ लावायचा मोह होईल, पण ती लावली की कायद्याच्या नजरेत ते पिस्तूल उरत नाही. तिरकी मूठ चालते.

रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण, नळीच्या अडीच इंच वर बसतो हे नवख्यांना कोणी सांगत नाही. 50 यार्डांवर नेम बसवला की 100 यार्डांवर फारसा फरक पडत नाही, पण सात यार्डांवर गोळी ठिपक्याच्या दोन-सव्वादोन इंच खाली लागते. घरासाठी घेणाऱ्यांनी हे कागदावर प्रत्यक्ष मारून पाहावं. इथल्या घरांच्या शीटरॉकच्या (जिप्समच्या पातळ फळ्यांच्या) भिंती गोळी अडवत नाहीत हेही धरून चाला. आणि मुलं असतील तर तिजोरी. 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहे.

रानडुकरांसाठी म्हणाल तर माझं मत थोडं आडवं आहे. टेक्ससमध्ये 2019पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला शिकारीचा परवाना लागत नाही, त्यामुळे हौशे खूप. सगळे म्हणतात, मचाणाच्या खोक्यात आखूड बंदूक बरी. बरी खरी, वळते छान. पण 16 इंची रायफलची नळी खिडकीतून आपोआप बाहेर राहते, साडेदहा इंची आतच राहते, आणि लाकडी खोक्यात आत बार काढणं म्हणजे डब्याखाली सुतळी बॉम्ब लावून त्याच डब्यात बसणं. प्रत्येक वेळी पुढे सरकून नळी बाहेर काढावी लागते, तेवढ्या हालचालीने डुकरं पळतात. शिवाय 55 ग्रेन वजनाची गोळी 20 इंची नळीतून सेकंदाला 3200 फुटांच्या आसपास जाते, माझ्यातून 2700च्या आसपास. 5.56ची ताकद वेगातच असल्यामुळे हा फरक जनावरावर कळतो.

आखूड नळीच हवी असेल तर .300 ब्लॅकआउट घ्या. 2011मध्ये सामीने, म्हणजे काडतुसांची मापं ठरवणाऱ्या अमेरिकन उत्पादकांच्या संस्थेने, मंजूर केलेलं हे काडतूस आखूड नळीसाठीच बेतलंय. नऊ इंचांत दारू जवळपास जळून जाते. काडतुसं महाग पडतात, ते सोसायचं. पण दोन्ही प्रकार घरात असतील तर डोळ्यांत तेल घालून राहा. मॅगझिन तेच, बोल्ट तोच, आणि .300चं काडतूस 5.56च्या नळीत चढून बार निघाला तर बंदूक फुटते. माझा मित्र मॅगझिनं वेगळ्या रंगांची ठेवतो, शिवाय दोन्ही बंदुका एका वेळी बाहेर नेत नाही. फक्त बंदिस्त रेंजवरच जाणार असाल तर 9 मिमीचं घ्या; स्वस्त, आवाज कमी. आमच्या हिला तेच आवडतं, माझ्याला ती हात लावत नाही.

निगा साधीच. कार्बन लवकर धरतो, विशेषतः बोल्टच्या शेपटावर, तिथे तो खरवडावाच लागतो. तेल सढळ हाताने. स्टीलच्या केसची स्वस्त काडतुसं अधूनमधून अडकली, पितळेची कधीच नाही. खंडेनवमीला आईने व्हिडिओ कॉलवरून हळद-कुंकू वाहायला लावलं. आधी चेंबर दोनदा तपासलं, मग पूजा. रेलच्या खाचांतलं कुंकू काढायला नंतर जुना टूथब्रश लागला.

1 जानेवारी 2026पासून तो 200 डॉलरचा कर शून्यावर आला आहे. त्यामुळे आता ब्रेसचं नाटक कशाला, अर्ज भरून सरळ दस्ता लाव, असं रेंजवर जो तो सांगतो. ज्याला राज्याबाहेर जायचं नाही त्याने जरूर लावावा. पण अर्ज, ठसे आणि मंजुरी तशीच आहे, आणि अशी नोंदवलेली आखूड रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर एटीएफची आगाऊ परवानगी लागते. मित्राची जमीन ओक्लाहोमात आहे आणि त्याचा फोन येतो शुक्रवारी दुपारी, म्हणून माझं अजून पिस्तूलच आहे.