बँकेचा मेसेज आला म्हणजे पैसे आले असं नसतं (मिशनच्या फळबागेतला अनुभव)

मी मूळचा वसईचा, घरची वाडी, केळी आणि पानवेली बघतच मोठा झालो, त्यामुळे फळाच्या धंद्यात मला कोण फसवणार असा एक माज होताच. तो 28 एप्रिल 2023 ला शुक्रवारी दुपारी उतरला.

गेली काही वर्षं दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात त्झानीनच्या बाजूला एका मिशनची बाग सांभाळतो. आंबा आणि ॲव्होकाडो. बागेच्या पैशावर मिशनचं हॉस्टेल चालतं, म्हणजे माझ्या खिशातलं गेलं असतं तर एवढं लिहायला बसलोही नसतो.

आमचा माल एरवी जोहान्सबर्गच्या मार्केटला जातो, ट्रकने चारशे किलोमीटरच्या आसपास. तिथे आडत्या विकतो, मार्केटचे 5 टक्के आणि आडत्याचे साधारण साडेसात कापून पट्टी (विक्रीचा हिशोब) येते आणि पैसे बँकेत. लायसनवाल्या आडत्याने पैसे खाल्ले तर शेतकऱ्याला भरपाई द्यायला वेगळा फंडपण आहे. पण साडेबारा टक्के, वर ट्रकभाडं, मनात खुपतंच ना. त्यामुळे गेटवर येऊन माल उचलणारं गिऱ्हाईक आलं की बरं वाटायचं.

ज्याने मला फसवलं तो माणूस आधी डिसेंबरमध्ये आला होता, कैऱ्या घ्यायला. इथे कैरीच्या लोणच्याला अच्चारच म्हणतात, आपल्याच लोकांनी आणलेला शब्द, आणि गावोगाव खातात. दोनदा आला, दोन्ही वेळा रोख, नोटा मोजून दिल्या, वर चॅपलमध्ये जाऊन मेणबत्ती लावून गेला. आमचे फादर एकदम खूष. आता कळतं की ती मेणबत्ती पण भांडवलात धरलेली होती.

एप्रिलमध्ये फोन, ॲव्होकाडो पाहिजेत, 4 किलोचे 640 बॉक्स, बॉक्सला 48 रँडने (रँड म्हणजे इथलं चलन), अनाथाश्रमाच्या किचनचं कॉन्ट्रॅक्ट मिळालंय म्हणे. शुक्रवारीच पाहिजेत. दिवस कसा निवडला बघा, गुरुवारी 27 एप्रिलची सुट्टी, सोमवारी 1 मेची, आणि मधल्या शुक्रवारी अर्धं ऑफिस गायब. त्यात त्या महिन्यात लोडशेडिंग स्टेज 6 पर्यंत गेलेलं (स्टेज जितकी वरची तितके तास वीज जास्त बंद), जनरेटरचं डिझेल परवडेना, तोडलेला माल कोल्ड रूममध्ये ठेवायचीच भीती, हे त्याला माहीत होतं कारण मीच फोनवर रडगाणं गायलो होतो. आधी थोडे पैसे पाठवा मग माल तोडतो असं म्हणायला पाहिजे होतं, पण म्हटलं नाही.

ट्रक लागला, बायका बॉक्स भरतायत, तेवढ्यात माझ्या मोबाईलवर बँकेचा असतो तसा मेसेज, 30,720 रँड जमा, खाली आमच्या अकाउंटचे शेवटचे चार आकडे बरोबर. व्हॉट्सॲपवर पेमेंटचा पीडीएफ, लोगो वगैरे सगळं. मी ॲप उघडून बघितलं तर बॅलन्स तोच. तो शांतपणे म्हणाला, ब्रदर, माझी बँक दुसरी आहे, वर लाँग वीकेंड, मंगळवारी दिसतील. आणि हे खोटं नव्हतं, इथे दुसऱ्या बँकेतून साध्या ट्रान्सफरला एकदोन वर्किंग डे लागतात. तिथेच मी गंडलो. आमची पॅकिंग बघणारी बाई (वयाने माझ्या आईएवढी) कानाशी येऊन म्हणाली, पैसे नाहीत तर ट्रक का सोडतोस? मी तिलाच गप्प केलं. हे मला अजून झोंबतं.

मंगळवार गेला, बुधवार गेला, फोन बंद. बँकेत गेलो तर असं पेमेंट निघालेलंच नाही, मेसेज बनावट, पीडीएफ एडिट केलेला. पोलिसांत ॲफिडेव्हिट दिलं, केस नंबर मिळाला, ट्रकची नंबर प्लेट दुसऱ्याच कुठल्या गाडीची निघाली. पुढे काही नाही.

30,720 रँड म्हणजे तेव्हाचे सव्वा लाख रुपयांच्या वर. तेव्हाची किमान मजुरी तासाला 25.42 रँड, म्हणजे बाराशे तासांचं काम त्या ट्रकमध्ये बसून गेलं. फादर मला एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि खरा मूर्खपणा वेगळाच. ॲव्होकाडो झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच मऊ पडतो. हास जातीच्या फळातलं पाणी 77 टक्क्यांखाली आलं की तोडायला तयार, पण तयार झाल्यावरही ते काही आठवडे आरामात लटकून राहतं. म्हणजे मला घाई काहीच नव्हती. घाई त्याला होती, आणि त्याची घाई मी माझी समजून तोडणी लावली.

तुमच्यापैकी कोणी इथे किंवा झांबिया, मलावीकडे मिशनची किंवा स्वतःची बाग बघत असाल तर मेसेज, पीडीएफ, स्क्रीनशॉट काही धरू नका, स्वतःच्या ॲपमध्ये पैसे वापरता येण्यासारखे दिसले की मगच गेट उघडा. अर्जंट असेल तर लगेच पोचणारं पेमेंट करायला सांगा, त्याची फी हवी तर बिलातून वजा करा. सुट्टीच्या आदल्या दिवशी नवीन मोठी ऑर्डर घेऊच नका. आणि गाडीचा नंबर लिहून उपयोग नाही, ड्रायव्हरच्या आयडीचा फोटो घ्या, माल भरायच्या आधी.

परवा एकाचा फोन आला, पाचशे बॉक्स, पैसे सोमवारी दिसतील म्हणाला. मी म्हटलं मग सोमवारीच या, फळ झाडावर आहे. फोन ठेवला त्याने. पॅकिंगवाली बाई बाजूलाच उभी होती, काही बोलली नाही, नुसती हसली.