उंच माणसाची सायकल: २४ इंची काळी की एक्सएल हायब्रिड?

नेदरलँड्सहून आलेला माझा सहकारी मुलुंडला राहतो. उंची ६ फूट ५ इंच. इथे कुठल्याही दुकानात जा, सायकलवाला सीट वर ओढून देतो आणि म्हणतो, "बसा साहेब, झालं!" पण झालेलं नसतं. सीटच्या दांडीवर एक आडवी खूण असते. ती बाहेर दिसली की दांडी मोडायची किंवा फ्रेमला तडा जायची भीती. शिवाय सीट कितीही चढवली तरी हँडल जवळच राहतं.

म्हणून आधी माप घेतलं. भिंतीला पाठ, अनवाणी पाय, मांड्यांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर दाबलेलं: जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत ९४ सेंमी. त्याला ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ८३ सेंमी.

दूधवाल्यांची २४ इंची (हे माप फ्रेमचं, चाकाचं नव्हे) काळी सायकल उंचीला पुरते, हे मला मनापासून आवडलं. स्वस्त, दणकट, गल्लीत दुरुस्त होणारी. पण मागे वळलेलं हँडल वळणावर त्याच्या गुडघ्याला लागतं, आणि पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक धरत नाही. ठाण्याच्या येऊर डोंगराचा चढ तर विसराच.

एक्सएल हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, मोठ्या मापाची सायकल, महाग, बहुतेकदा मागवावी लागते. पण सीट आणि हँडल यांमधली तिची वरची नळी लांब, गिअर आहेत, पाठ मोकळी राहते. मी त्याला हीच घ्यायला सांगितलं, सीटच्या लांब दांडीसकट. मात्र पैसे देण्याआधी अर्धा तास चालवून बघायची.