तीन दिवसांत थांबलेली खाज

आमच्या सोन्याची खाज तीन दिवसांत थांबली होती. त्यानंतर सात महिने आणि चोवीस हजार शंभर रुपये गेले, तेव्हा कळलं की संशय यायला हवा होता तो नेमका त्या तिसऱ्या दिवशी.

सोन्या म्हणजे आमचा लॅब्रेडोर. आम्ही सांगलीचे. दोन वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात तो पंजे चाटायला लागला. आधी वाटलं, फिरून आल्यावर पाय नीट पुसत नाही म्हणून असेल. मग रात्र-रात्र पलंगाखालून चप-चप आवाज यायला लागला. पंजांमधले पिवळट केस लाळेने तांबूस झाले, काखेत आणि पोटावर लाल चट्टे उठले, कानांतून आंबलेल्या पिठासारखा वास यायचा. गल्लीतली पोरं सरळ म्हणायची, "काकू, लूत लागलीय त्याला." आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढलं तो काढलाच.

डॉक्टरांकडे गेलो होतो, हे आधीच सांगते. म्हणजे डॉक्टर मिळाला नाही म्हणून फसलो, असं नाही. त्यांनी व्यवस्थित तपासलं होतं. ब्लेडच्या धारेने कातडी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली; खरजेचे किडे नव्हते. फणीने केस विंचरून निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली. पिसवांची घाण असती तर तांबडा डाग पसरतो, कारण ती पचलेल्या रक्ताची असते. डाग पसरला नाही. शेवटी पंजातून चिकटपट्टीने नमुना घेऊन त्याला निळा रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे ठिपकेच ठिपके. "ही बुरशी," ते म्हणाले. "ती आवरता येते. पण ती वाढली कशामुळे, तर खाली अ‍ॅलर्जी आहे म्हणून. धूळ, परागकण, गाद्यांमधले डोळ्यांना न दिसणारे किडे, काहीही असेल. जेवणाची अ‍ॅलर्जी आहे का, तेही बघू. पण एक लक्षात ठेवा, हे कायमचं बरं होत नाही. आटोक्यात राहतं."

तो "आटोक्यात" शब्द मला अजिबात आवडला नाही. घरी आले ती हिरमुसूनच. औषधी शाम्पू दिला होता, तो अंगावर दहा मिनिटं ठेवून मग धुवायचा. सोन्या ओढायला लागला की मी दोन मिनिटांत पाणी मारायचे आणि वर म्हणायचे, शाम्पूचा काही उपयोग नाही.

अशा मनःस्थितीत मी कुत्र्यांचं सामान मिळतं त्या दुकानात गेले. तिथे एक माणूस टेबल टाकून बसला होता. गळ्यात ओळखपत्र, पुढ्यात हिरव्या बाटल्या, मोबाईलमध्ये आधीचे-नंतरचे फोटो. मी काही विचारायच्या आत त्याने सोन्याचे पंजे बघून नेमकं काय होतंय ते सांगितलं. (आता वाटतं, तांबूस पंजे बघून कोणीही सांगेल.) मग म्हणाला, "ताई, डॉक्टर लोक आटोक्यात ठेवतात, कारण त्यांना गिऱ्हाईक कायमचं पाहिजे असतं. आपण मुळापासून काढतो."

माझ्या मनात जे होतं ते त्याच्या तोंडून आलं. मी बँकेत कॅशियर आहे. नकली नोट माझ्या बोटांना कळते. हा माणूस मात्र कळला नाही.

आधी त्याने अ‍ॅलर्जीची चाचणी करवली. सोन्याचे चार केस आणि लाळेचा बोळा पाकिटात घालून पाठवायचा, साडेचार हजार रुपये. बारा दिवसांनी रंगीत तक्ते असलेला अहवाल आला. सोन्याला म्हणे साठेक गोष्टींची अ‍ॅलर्जी होती. त्यात कोंबडी, गहू, दूध तर होतंच, शिवाय ट्युना मासा, क्रॅनबेरी आणि कांगारूचं मांस. कांगारू वाचून आमचे हे खूप हसले. मी नाही हसले. मी त्या दिवसापासून सोन्याची कोंबडी बंद केली.

केस आणि लाळ पाठवून अ‍ॅलर्जी कळत नाही, हे मला फार उशिरा समजलं. अमेरिकेत त्वचारोगाच्या पशुवैद्यांनी अशी चाचणी करणाऱ्यांकडे खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खोटी फर आणि सलाईनचं पाणीही पाठवून पाहिलं होतं. त्या खोट्या फरलाही अ‍ॅलर्ज्या निघाल्या! रक्ताची किंवा कातडीत टोचून करायची चाचणी असते, पण ती धूळ-परागकणांसाठी, आणि तीही रोग ओळखायला नव्हे तर पुढे अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं बनवून घ्यायची असतील तर. जेवणातलं काय सोसत नाही हे कळायला जेवणच बदलून पाहावं लागतं.

मग सुरू झाल्या पुड्या. महिन्याला तीस पुड्या आणि लावायला एक तेल, दोन हजार आठशे रुपये. फिकट तपकिरी पूड, हळद आणि सुंठीसारखा वास. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य." पहिल्या रात्री चाटणं कमी झालं. दुसऱ्या दिवशी चट्टे फिकटले. तिसऱ्या रात्री घरात एवढी शांतता होती की मी दोनदा उठून बघितलं, श्वास चालू आहे ना.

मी आनंदाने व्हिडिओ केला. गाढ झोपलेला सोन्या, आणि मागून माझा आवाज: "तीन दिवसांत फरक, मी स्वतः सांगतेय." त्या माणसाने मागितला, मी दिला. शिवाय ओळखीतल्या तीन घरांना त्याचा नंबरही दिला.

दुसऱ्या महिन्यापासून सोन्या पाणी फार प्यायला लागला. दिवसाला दोन वाट्या पिणारा कुत्रा संध्याकाळपर्यंत बादलीच्या तळाशी जायचा. फोन केला, तर "अंगातली उष्णता बाहेर पडतेय, ताई." मग दोन वर्षांचा, शहाण्यासारखा बाहेर जाणारा सोन्या रात्री हॉलमध्ये शू करायला लागला. "विष निघतंय." भूक अशी की मळलेली कणीक परातीतून पळवली. "तब्येत सुधारतेय." प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं. दिवाळीत पार्सल दोन दिवस उशिरा आलं आणि खाज दुप्पट होऊन परत आली. मी घाबरून फोन केला तर तोच मला रागावला: "बघितलंत? औषध चुकवलं की काय होतं!" मला ते पटलंसुद्धा.

फेब्रुवारीत सोन्या ओळखू येत नव्हता. वजन बत्तिसाचं अडतीस किलो, पण ते सगळं पोटात. पोट खाली लोंबत होतं आणि पाय काटकुळे झाले होते. पाठीवरचे केस विरळ, पोटाची कातडी कागदासारखी पातळ, आतल्या शिरा दिसायच्या. मानेवर चुनखडीच्या खड्यांसारखे टणक दाणे हाताला लागले, तेव्हा मी त्याच जुन्या डॉक्टरांकडे गेले. लाज वाटत होतीच.

त्यांनी ते दाणे चाचपले, पोटाकडे बघितलं आणि विचारलं, "याला स्टेरॉइड कोण देतंय?"

"स्टेरॉइड नाही हो, आयुर्वेदिक आहे."

"पाणी किती पितो?"

मी बादलीचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पुडी मागितली. प्लॅस्टिकच्या त्या पुडीवर हिरवं पान छापलेलं, बाकी काही नाही. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, मुदत नाही. जनावरांच्या औषधावर 'फक्त प्राण्यांच्या उपचारासाठी' असं लिहावं लागतं आणि जनावराच्या तोंडाचं चित्रही असतं, हे त्यांनी कपाटातलं एक औषध काढून दाखवलं. रक्त तपासलं, तर यकृताचा एएलपी नावाचा आकडा पार वर गेलेला. कुत्र्यांमध्ये स्टेरॉइडने तो असा वाढतो. मुलाच्या मित्राच्या ओळखीने एक पुडी पुण्याच्या प्रयोगशाळेत दिली. अहवालात डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे जोरदार स्टेरॉइडच. मी रोज सकाळी, तुपात कालवून, सात महिने तेच भरवत होते.

घरी जाऊन सगळ्या पुड्या गटारात टाकते, असं मी म्हणाले. डॉक्टर एकदम कडक झाले. "एकदम बंद करायचं नाही. बाहेरून मिळतंय म्हणून याच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडलंय. आज तोडलं तर हा कोसळेल." पुड्या थांबल्या, पण त्यांच्या जागी मोजून-मापून प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि त्या आठवड्या-आठवड्याने कमी करत आणल्या. कोणी अशी पुडी देत असाल आणि हे वाचून हादरला असाल, तर एवढं मात्र नक्की करा: पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

माझा राग स्टेरॉइडवर नाही. खाज अनावर झालेल्या कुत्र्याला थोड्या दिवसांसाठी ते डॉक्टरही देतात. राग आहे तो हळदीत लपवून, वजन न बघता देण्यावर. सोन्याच्या कातडीवर बुरशी होती, ती या सगळ्यात खालून फोफावतच राहिली. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशीला तर रान मोकळं मिळतं.

पुढचं सगळं संथ होतं, आणि सांगायला कंटाळवाणं. शाम्पू आठवड्यातून दोनदा, या वेळी घड्याळ लावून दहा मिनिटं. मी मोरीत स्टूल टाकून बसते आणि त्याला गाणी म्हणून दाखवते. मग जेवणाची चाचणी. आठ आठवडे फक्त कटला मासा आणि उकडलेलं रताळं, कारण मासा त्याने जन्मात खाल्ला नव्हता. त्याशिवाय दुसरा कणही द्यायचा नाही. हे म्हणजे घरातल्या माणसांचीच परीक्षा. तिसऱ्या आठवड्यात आत्यांना पोळीचा तुकडा देताना पकडलं. ज्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर काढलं होतं त्याच. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलो. भांडीवाल्या मावशींच्या पदरात बिस्किट असतं, हे त्याला ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. सगळी दारं बंद करून आठ आठवडे पुरे केले आणि फरक शून्य. म्हणजे जेवणाची अ‍ॅलर्जी नव्हतीच. बिचाऱ्याची कोंबडी विनाकारण बंद होती. त्या रविवारी मी त्याला अख्खी तंगडी उकडून, हाड काढून घातली.

उरली ती हवेतली-धुळीतली अ‍ॅलर्जी, म्हणजे डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते तीच. आता पावसाळ्यात खाज वाढली की ते ऑक्लासिटिनिब नावाची खाजेवरची गोळी सुरू करतात, फिरून आल्यावर पंजे धुवून कोरडे करायचे, गोचीड-पिसवांचं औषध वर्षभर चुकवायचं नाही. पोट आत गेलं, केस आले. मानेवरचे दाणे जायला मात्र महिने लागले.

त्या माणसाचा नंबर आता लागत नाही. पैसे दर वेळी यूपीआयवर वेगळ्याच नावाने जात होते, हे मी बँकेत बसून बघत होते. दुकानदार म्हणतो, आम्ही फक्त टेबलाला जागा दिली होती. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे प्रयोगशाळेचा अहवालही दिला. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक होता का, हे मी बघितलं नव्हतं. १९८४च्या कायद्याने तो क्रमांक असल्याशिवाय कोणाला पशुवैद्य म्हणून उपचार करता येत नाहीत.

ज्या तीन घरांना नंबर दिला होता, तिथे स्वतः गेले. पहिल्यांनी पुड्या महाग पडतात म्हणून कधीच सोडल्या होत्या. दुसऱ्यांनी त्याच संध्याकाळी डॉक्टर गाठला. तिसऱ्या वहिनींनी चहा टाकला, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "पण आमच्या टायगरला गुण आलाय की. आणि तेव्हा तर तुम्हीच म्हणाला होता." मग त्यांनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला आणि माझाच व्हिडिओ लावला. टायगर दाराशी घमेल्यात तोंड घालून पाणी पीत होता. व्हिडिओ संपला तरी तो पीतच होता.