तापीकाठच्या बंद वीटभट्टीची फेरी : अभिप्राय

भुसावळजवळ तापीकाठी बंद पडलेल्या एका वीटभट्टीची दोन तासांची फेरी आम्ही गेल्या रविवारी केली. केवळ वाटाड्याच्या जाणकारीसाठी ती करावी, असे माझे मत झाले. १८७६ साली बुल या ब्रिटिश अभियंत्याने पेटंट घेतलेल्या पद्धतीची ही लंबगोल खंदकभट्टी असून, तिच्यात विटा जागच्या जागी राहतात आणि आगच पुढे सरकत जाते. पुढच्या कच्च्या विटा गरम धुराने तापतात, तर मागच्या भाजलेल्या विटांमधून येणारी हवा गरम होऊनच जाळाला मिळते, ही इंधनाची काटकसर वाटाड्याने खंदकातल्या राखेत काडीने रेघा ओढून उत्तम समजावली. शेजारच्या दीपनगर औष्णिक केंद्राच्या राखेचा आणि अशा केंद्रांच्या परिसरात विटांसाठी राखेचा वापर बंधनकारक करणाऱ्या १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेचा विषयही त्याने घेतला. विटा थापणाऱ्या मजुरांविषयी मात्र दोनच वाक्ये आली, हे खटकले. तडे गेलेल्या धुराड्याखाली हेल्मेटशिवाय उभे करणे तर अक्षम्यच होते. सावली कुठेही नाही. पाणी सोबत न्यावे आणि उन्हाळा टाळावा.